मामाने रंगवलेली गाडी

माझा मामा बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. बत्तीस वर्षं त्याने एकाच माणसाच्या गाड्या सांभाळल्या. मालकांच्या घरामागच्या गॅरेजात एकेकाळी पाच जुन्या गाड्या होत्या, शेवटी एकच उरली. लांब नाकाची, दोनच दारांची, गडद हिरवी. तशा गाड्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात म्हणे. मामा तिला म्हातारी म्हणायचा. मामी वैतागायची, "घरची म्हातारी होत चाललीय, तिच्याकडे बघायला वेळ नाही यांना!"

या गाडीवरून मामाचं आणि मालकांचं कायम वाजायचं. तिच्या रंगाचे पापुद्रे सुटले होते, सीटच्या चामड्याला भेगा पडल्या होत्या. मामा म्हणायचा, "साहेब, एक महिना द्या, नवीकोरी करून देतो." मालक म्हणायचे, "इंजिन बघ. बाकी कशाला हात लावायचा नाही." का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणाला कारणं द्यायची त्यांना सवयच नव्हती. मामाने आपला अर्थ लावला, की माणूस पैसेवाला आहे पण एक नंबरचा चिक्कू. आम्हीही जेवताना त्या चिक्कूपणावर पोटभर हसायचो.

मग मालक गेले. मालकीणबाईंनी गाडी मुलांच्या रुग्णालयाला दान करायचं ठरवलं. गाडीचा लिलाव होणार आणि त्यातून नवा वॉर्ड उभा राहणार. गाडी जाणार म्हटल्यावर मामा हाय खाईल असं मला वाटलं होतं. पण रुग्णालयाचं नाव ऐकून तो खुर्ची ओढून बसला.

त्याची मुलगी त्याच रुग्णालयात गेली होती. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. सात वर्षांची होती. वॉर्डात खाट नव्हती म्हणून दोन दिवस ती बाहेरच्या बाकावर मामाच्या मांडीवर होती. तिसऱ्या दिवशी खाट मिळाली, चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, आधी आत घेतलं असतं तरी वाचली असती असं सांगता येत नाही. मामाने त्यातलं "आधी" तेवढं ऐकलं.

"वीस खाटांचा वॉर्ड काढलाय त्यांनी कागदावर," मामा मला म्हणाला. "गाडीला चांगला भाव आला तर पूर्ण होईल. बाहेर एक पोर बसता कामा नये बघ." त्याने मालकीणबाईंना विचारलं, "बाई, देण्याआधी जरा नीट करू का तिला?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्यातलं कळतं. करा."

महिनाभर मामा दुपारी जेवायलासुद्धा घरी आला नाही. जुना रंग त्याने हाताने, पॉलिश पेपरने घासून काढला. मशीन लावलं तर पत्र्याला लागेल म्हणाला. बोटांची सालं निघाली. मग पुट्टी, मग प्रायमर, मग रंगाचे पाच हात. सीटला नवं चामडं शिवून घेतलं, जुनं भंगारवाल्याला दिलं. शेवटच्या दिवशी मी बघायला गेले तर बॉनेटमध्ये तोंड दिसत होतं. मी टाळ्या वाजवल्या. मामा चक्क लाजला.

लिलाव कंपनीची तज्ज्ञ बाई आली ती जुने फोटो घेऊन. तिने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. दाराला रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र टेकवून आकडा बघितला, पुन्हा टेकवलं.

"हिचा मूळ रंग कुठे गेला?"

तिच्या आवाजावरून मालकीणबाईंच्या काहीतरी लक्षात आलं असावं. त्या पटकन म्हणाल्या, "आमच्या साहेबांनीच नवा करून घेतला असेल कधीतरी."

मामा गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तो पुढे झाला. "नाही. मी केलं. गेल्या महिन्यात."

ती बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात, अगदी समजावून बोलली. कारखान्यातून निघाली त्याच रंगात आणि त्याच चामड्यात राहिलेली ही एकच गाडी होती. तिची किंमत होती ती त्याचीच. रंगवलेल्या आणखीही आहेत.

"परत होतं का काही?" मामाने विचारलं.

"नाही हो, काका."

तरी आम्ही भंगारवाल्याकडे गेलो. चामडं कधीच पुढे गेलं होतं. परतताना मामा एवढंच म्हणाला, "साहेबांनी एकदा सांगायचं होतं." मला आजही मालकांचा राग येतो. एक वाक्य बोलायला काय जात होतं त्यांचं? आणि मग आमचाही येतो. त्यांना चिक्कू ठरवून आम्ही मोकळे झालो, नीट विचारलं कुणीच नाही.

गाडी विकली गेली. वॉर्ड झाला वीसऐवजी आठ खाटांचा. उद्घाटनाला मालकीणबाईंनी मामाला आवर्जून बोलावलं, तो शेवटच्या रांगेत बसून आला. त्यानंतर तो रोज सकाळी घरातून निघायला लागला. कुठे जातो ते सांगेना. मामीने माझ्या मागे लकडा लावला, तेव्हा मी शोधत रुग्णालयात गेले.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मामा बसला होता. मांडीवर पाचेक वर्षांची एक तापलेली मुलगी झोपली होती. तिची आई औषधांच्या रांगेत उभी होती.

"मामा, मामी जेवायची थांबलीय."

"थांब जरा. एक खाट रिकामी होईल म्हणाल्या सिस्टर. हिला आत घेऊ दे."

मी शेजारी बसले. तीन वाजले, खाट काही रिकामी झाली नाही. मुलीची आई आली आणि तिला उचलून घेऊन पलीकडच्या बाकावर बसली. मामाचा पाय बधिर झाला होता, त्याला उठता येईना. मी हात दिला, तर तो हात त्याने नुसताच धरून ठेवला.

"बारा खाटा गं," तो म्हणाला. "या हातांनी घासून काढल्या मी."