फेट्यासाठी चार बोटं

गाडी कुणाचीही असो, बापू मिस्त्रींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "किती पाजता हिला?" गाडीला झालंय काय, ती कुठं बंद पडली, ढकलत आणली की बैल जोडून आणली, हे सगळं मागाहून. आधी पेट्रोल. मालकाने जरा ऐटीत "गॅलनला बारा मैल जाते" असं सांगितलं की बापू दोन्ही कानांच्या पाळ्या धरायचे आणि म्हणायचे, "आरारारा! आवं, ही गाडी न्हाई, म्हस हाय. म्हस निदान दूध तरी देती." मालकाचं तोंड एवढंसं व्हायचं. पण तो दुसरीकडे जायचा नाही. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस सगळ्या साताऱ्यात दुसरा नव्हता.

मी तेव्हा साताऱ्याला एका मोटार एजन्सीत कारकून होतो. मूळचा वाईचा, मॅट्रिक झालेला, इंग्रजी अक्षर वळणदार. भांडवल म्हणाल तर एवढंच. एजन्सीची मुख्य कचेरी सांगलीला होती आणि मालक अप्पासाहेब तिथेच बसायचे. साताऱ्याच्या शाखेत टेबलापाशी मी आणि मागच्या शेडमध्ये बापू. विकायचो त्या मुंबईच्या कंपनीकडून येणाऱ्या मोठ्या अमेरिकन गाड्या. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, पण पेट्रोल अजून कुपनावरच मिळायचं आणि रस्त्यात कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी धापा टाकत असायच्या. अशा दिवसांत आम्ही दिवाणखान्याएवढ्या गाड्या विकायचो आणि लोक त्या घेऊन दारात उभ्या करायचे. सणाला पुसायच्या, लग्नाला काढायच्या.

बापूंना हे बघवत नसे. ते रहिमतपूरचे. लढाईत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते, इटलीपर्यंत जाऊन आलेले. तिथं म्हणे त्यांनी एवढ्या-एवढ्याशा गाड्या पाहिल्या होत्या. "भाऊसाब, आमच्या हिरीच्या थारोळ्यात मावंल बगा येवढी गाडी. आन् त्यात नवरा, बायको, दोन पोरं, वर पिठाचं पोतं. डोंगर चढून जायची गडी!" हे मला त्यांनी किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. आणि शेवट नेहमी एकच: "एक माणूस न्ह्याचा, त्यापायी तीन म्हशींचं लोखंड कशाला वढायचं? सांगा की!" मी काय सांगणार? मी "खरं आहे" म्हणून परत टाइपरायटरकडे वळायचो.

पुढे एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत गेला आणि त्याची छोटी जुनी इंग्रजी गाडी आंब्याखाली पडून राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. बापूंनी ती आणली आणि दोन महिने एजन्सीचं काम संपल्यावर तिच्यात डोकं घालून बसले. एका सकाळी मला म्हणाले, "चला भाऊसाब, सांगलीला. दोन गॅलन घातल्यात, वर थेंब न्हाई." मी घाबरत घाबरत बसलो. गुडघे छातीला, टोपी मांडीवर. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, आणि आम्ही अप्पासाहेबांच्या कचेरीसमोर उभे राहिलो तेव्हा टाकीत बापूंनी काठी घालून दाखवली. तळाशी अजून ओल होती. बापूंचा चेहरा असा फुलला होता की मलाही वाटलं, हे काम आपणच केलंय.

अप्पासाहेब माणूस चांगला. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, काठी स्वतः घालून पाहिली, मान डोलावली. मग बसायला गेले आणि त्यांचा फेटा छताला अडकला. वाकले तरी अडकला. शेवटी ते बाहेर आले आणि हसून म्हणाले, "मिस्त्री, गाडी झकास आहे. पण आमच्याकडचा माणूस गाडीत बसायला फेटा काढणार? अहो, दारात गाडी आणायची ती मान वाढावा म्हणून, आणि आत बसायचं बोडक्यानं?" जमलेले सगळे खो खो हसले. मीही हसलो. बापू हसले नाहीत. परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या पुलावर म्हणाले, "बरुबर बोल्लं सायेब. डोकं माज्या डोक्यातच आलं न्हाई."

त्यानंतर आठ दिवस शेडमध्ये कानशीचा आवाज. नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. बैठकीखालच्या पट्ट्या कापून त्यांनी बैठक चार बोटं खाली घेतली होती. "बसा." माझ्या डोक्यावर त्यांनी स्वतःचा फेटा ठेवला. छत आणि फेटा यांच्यामधून पोस्टकार्ड आरामात जात होतं. ते पोस्टकार्ड बापूंनी इकडून तिकडे तीनदा फिरवून दाखवलं.

मग दर आठवड्याच्या सुट्टीला बापू ती गाडी घेऊन बाहेर पडू लागले. लोणंदचा बाजार, रहिमतपूर, कोरेगाव, मेढा. ज्याला गाडीची गरज आहे पण भली मोठी गाडी पोसवत नाही, अशा माणसाला ते फेट्यासकट आत बसवायचे, पोस्टकार्ड फिरवायचे आणि विचारायचे, "कंपनीनं अशी नवी धाडली तर घ्याल का?" 'हो' म्हणणाऱ्याचं नाव एका वहीत. मेढ्याचे डॉक्टर होते त्यात, घोड्यावरून डोंगरातल्या वाड्या करायचे आणि त्यांचं घोडं आता म्हातारं झालं होतं. पेन्शनर सुभेदार होते, गुळाचे अडते होते, कोरेगावचे एक वकील होते. एक्केचाळीस नावं. सही नाही तिथं अंगठा, आणि प्रत्येकाला बापूंनी शब्द दिलेला: "गाडी आणतो. मी आणतो." ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. "भाऊसाब, हे मुंबईच्या कंपनीला तुमच्या अक्षरात लिवा. कंपनी जिथनं मागणी येती तिथं गाडी धाडती. आपल्याकडनं कोन मागतच न्हाई, मग धाडंल कशाला? माजा शबूद गेलाय समद्यांना."

आणि योग असा की त्याच महिन्यात कंपनीचा छापील तक्ता आला. तुमच्या भागात लहान गाड्यांना मागणी किती, नसल्यास कारण काय. अप्पासाहेबांनी तो सांगलीहून माझ्याकडे पाठवला, वर चिठ्ठी: साताऱ्याकडचं तुम्हाला ठाऊक, तुम्हीच भरा. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! आज मालकाच्या नावानं बोटं मोडत बसलो असतो. तेवढीही सोय मला नाही.

मी वही उघडली. तेलाचे डाग, वाकडी अक्षरं, अंगठे. सुभेदारांनी आपल्या नावापुढे पलटणीचं नाव तीनदा गिरवलं होतं. मुंबईचा साहेब हे बघून काय म्हणेल, असं मनात आलं. मग आलं, की अप्पासाहेबांना मोठ्या गाड्या विकायच्या आहेत, त्यात एजन्सीचा जास्त फायदा. ते बोलले नाहीत तरी त्यांना काय आवडेल हे मला कळायला नको का? सांगलीच्या कचेरीत हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती. बास. आणखी काही कारण नाही, शोधून शोधून थकलो. मागणीच्या रकान्यात मी लिहिलं: नाही. आणि कारणाच्या रकान्यात, माझ्या वळणदार इंग्रजीत, चांगल्या सहा ओळी: या भागातील प्रतिष्ठित गृहस्थ फेटा बांधतात, लहान गाडीत तो मावत नाही, आणि तो उतरवणे येथे अपमानाचे समजतात. ते लिहिताना मागे शेडमध्ये बापू कुणाला तरी पोस्टकार्ड फिरवून दाखवत होते. मला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

कंपनीला त्या सहा ओळी फार आवडल्या. स्थानिक चालीरीतींचं असं बारीक निरीक्षण क्वचितच वाचायला मिळतं, असं अप्पासाहेबांना पत्र आलं. दोन महिन्यांत मी सांगलीला हेडक्लार्क. मी निघालो तेव्हा बापूंनी स्टँडवर येऊन मला पेढे दिले. "तुमी तिथं वर बसलात म्हंजे आपलं काम झालंच," म्हणाले. वही माझ्या ट्रंकेत होती, कपड्यांच्या तळाशी.

वर्ष गेलं. स्वातंत्र्य आलं. गाड्या आल्या त्या मोठ्याच. साताऱ्यात लोक बापूंना हाका मारून विचारू लागले, "काय मिस्त्री, आली का तुमची बारकी?" पहिल्यांदा थट्टेने, मग जरा रागाने. वकिलांनी वाट बघून जुनी मोठी गाडी घेतली आणि बापूंना म्हणाले, "तुमच्या नादाला लागलो." ज्याच्या शब्दावर लोक न बघता गाडी विकत घ्यायचे, त्या माणसाला बाजारात मान खाली घालून जावं लागत होतं. हे मला साताऱ्याहून येणारे-जाणारे सांगायचे आणि मी चहा मागवून विषय बदलायचो.

एकदा बापू स्वतःच सांगलीला आले. "कंपनी काय म्हनती, भाऊसाब?" मी म्हणालो, "ती म्हणते, फेटा मावत नाही."

"आवं, पर चार बोटं खाली घेतली न्हवं मी? ते लिवलं का न्हाई तुमी?"

"लिहिलं," मी म्हणालो.

त्यांनी छताकडे बघत बोटं एकावर एक धरली. मनात मोजत असावेत. मग म्हणाले, "मग दोन बोटं कमी पडली आसतील. त्यांच्याकडं कोनी उंच फेट्याचा फोटू धाडला आसंल. व्हय, तसंच आसंल." आणि लगेच उठले. मी त्यांना थांबवू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. "जपून जा," एवढंच बाहेर पडलं.

त्या दोन बोटांसाठी त्यांनी गाडीच्या तळातली आडवी दांडी कापली. तिच्यावर गाडीचा सगळा भार असतो, हे बापूंना कुणी शिकवायला नको होतं. पण माणूस इरेला पेटला होता. मेढ्याच्या डॉक्टरांना बसवून दाखवायला निघाले आणि डोंगरातल्या वाटेवर एका खडकावर आपटून गाडी मधोमध वाकली. बैल जोडून ओढत आणली. बापूंनी ती पुन्हा उभी केली नाही. मेढ्याच्या डॉक्टरांना पुढे गाडी मिळालीच नाही. त्यांनी दुसरं घोडं घेतलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात बापू गेले, आठ दिवसांच्या तापाने. मी रहिमतपूरला जाऊन आलो. त्यांच्या कारभारणीला सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला पाणी दिलं, "तुमचं लय नाव काडायचं," म्हणाल्या. मी पाणी पिऊन परत आलो.

आमची शेवटची भेट झाली ती त्या मोडलेल्या गाडीनंतर, सांगलीतच, माझ्या कचेरीत. बापू खुर्चीवर बसायलाच तयार होईनात. धुतलेला सदरा, हातात फेटा, दाराशी उभे. मला वाटलं, कळलं यांना. खरं सांगतो, बरं वाटलं क्षणभर. म्हटलं, आता बोलतील, चारचौघांत बोलतील, होऊन जाऊ दे.

"भाऊसाब, माजी चूक झाली," बापू म्हणाले. "तुमी मुंबईला येवढं लिवलंत, माज्यापायी सायबाचं ऐकून घेतलं आसंल. आन् मी शाना, गाडीच मोडून बसलो. उद्या कंपनीचा मानूस बगाया आला तर तुमी त्याला काय दावनार? तुमची मान खाली गेली माज्यामुळं. एक डाव माफी करा."

कचेरीत सगळे माझ्याकडे बघत होते. अप्पासाहेबसुद्धा आतून बाहेर आले होते.

"असू दे, बापू," मी म्हणालो. "होतं असं माणसाच्या हातून. माझ्या मनात काही नाही."

बापूंनी फेटा डोक्याला बांधला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "लय हलकं वाटलं बगा."