फुटामागे दोन सूत

आत्माराम पांचाळांच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्यांचा गॅस आहे. सकाळी एकीवर डाळभाताचा कुकर चढतो आणि दुसरीवर पोलादाचा तुकडा. तुकडा मोडक्या कानशीचा असतो, सातिवलीच्या भंगारवाल्याकडून आणलेला. तो लाल होईपर्यंत तापवून वाळूच्या डब्यात सावकाश निवू द्यायचा, मऊ पडला की हवा तसा घासायचा आणि मग पुन्हा तापवून तेलात बुडवायचा. त्याचं पातं होतं. पात्याभोवती शिसवीचा नाहीतर बाभळीचा ठोकळा कोरला की झाला रंधा. सुताराचा रंधा दोन हातांनी धरावा लागतो. आत्मारामांचे रंधे अंगठा आणि दोन बोटं यांच्यात मावतात.

एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या सोसायटीत ठोकाठोकीला दुपारी बंदी आहे आणि सकाळी नापसंती. म्हणून ज्याला हातोडी लागत नाही असंच काम ते करतात. घासणं, तासणं, कोरणं. रंधे, बोटभर पटाश्या, लाकडावर रेघ मारायच्या सुया, काटकोन तपासायचे गुण्ये. चार वर्षांत अशी एकेचाळीस हत्यारं झाली. पत्नी मीराबाई गेल्यावर तिच्या कपाटाच्या दोन फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, तिथे ती ओळीने ठेवलेली असत. प्रत्येकाला तेल दिलेलं. एकालाही कामाचा ओरखडा नाही.

मुलगी उन्नती बंगळूरला असते, रविवारी फोन करते. एका रविवारी तिने सहज विचारलं, "बाबा, पण हे वापरणार कोण?" आत्मारामांनी विषय बदलला. प्रश्न त्यांना नवा नव्हता. जे वापरलं जात नाही ते हत्यार नव्हे, शोभेची वस्तू, आणि शोभेच्या वस्तूंबद्दल त्यांचं मत वाईट होतं.

वापरणारा भेटला तो भंगाराच्या गोदामातच. भुईगावचे प्लासिड तुस्कानो फ्रेमा बनवतात. देवादिकांच्या तसबिरी, लग्नांचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. पाडलेल्या घरांच्या सागवानी चौकटी शोधायला ते सातिवलीला येतात. त्या दिवशी एका फळीची जात ओळखायला आत्मारामांनी खिशातला रंधा काढून तिचा एक पापुद्रा उतरवला. प्लासिडनी रंधा मागून घेतला, स्वतः एकदा ओढून पाहिला, पापुद्रा उजेडाला धरला.

"याने दाढी करता का तुम्ही?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता रंधा आपल्या खिशात टाकला. उद्या आणून देतो, असंही म्हणाले नाहीत. आत्माराम त्या दिवशी रिक्षा न करता चालत घरी आले.

त्यानंतर आठ महिने, पंधरा दिवसांतून एकदा, आत्माराम भुईगावला जात. पूर्वेकडून शेअर रिक्षाने स्टेशन, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून बस. प्लासिडचं दुकान घराच्या मागच्या पडवीत आहे. फ्रेमचे चार कोपरे जिथे मिळतात तिथे केसाएवढी फट राहते, ती काढायला हा रंधा त्यांना फार सोयीचा पडला. आत्माराम स्टुलावर बसून ते पाहत. बोलणं थोडंच व्हायचं. प्लासिडचं घर माणसांनी भरलेलं. भाऊ, भावजया, पुतणे-पुतण्या, शेजारी. आपसात ते त्यांच्या बोलीत भराभर बोलत, पण आत्मारामांकडे वळले की सगळे शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलू लागत. त्यामुळे वाक्यं लहान होत आणि लवकर संपत. तरीही आत्माराम घरी परतल्यावर कॅलेंडरवर पुढच्या फेरीच्या तारखेला टिंब देत.

यंदा जानेवारीत प्लासिडना गावच्या चर्चचं काम मिळालं. येशूच्या क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं, त्यांच्या जुन्या फ्रेमांना वाळवी लागलेली. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पहिल्या शुक्रवारी ती भिंतीवर हवी होती. प्लासिडनी फोन केला. छप्पन्न पट्ट्या कापायच्या होत्या आणि त्यांच्या टेपचं टोक सैल झालं होतं. दर वेळी टेप ताणण्यापेक्षा एक मापाची काठी करून द्याल का? एका टोकाला लाकूड टेकवायला अडण, बारा इंचांवर एक खूण आणि अठरावर एक. काचा कापून झाल्या होत्या, बारा बाय अठरा.

आत्मारामांनी शिसवीची काठी केली. खुणांच्या जागी पितळेच्या बारीक पट्ट्या बसवल्या, त्या लाकडाशी अशा सपाट घासल्या की नखाला लागू नयेत. तीन दिवस लागले. काठी पोहोचवून आले आणि पुढच्या टिंबाची वाट न पाहता प्लासिडचा फोन येईल असं धरून चालले. तो आठव्या दिवशी आला.

"पांचाळ, काच पडते."

"म्हणजे?"

"म्हणजे फ्रेममध्ये ठेवली की पलीकडून खाली पडते. मी हातात झेलली म्हणून वाचली."

आत्मारामांनी सांगितलं की काचा लहान असतील. चौदाच्या चौदा? प्लासिडनी विचारलं. काचवाल्याची पट्टी चुकली असेल तर चौदाच्या चौदा, आत्माराम म्हणाले. आपलं माप चुकत नाही, हेही म्हणाले. ते तसं म्हणाले नसते तर बरं झालं असतं, हे त्यांना बसमध्ये बसल्यावर वाटू लागलं. पिशवीत त्यांची पट्टी होती.

वालीवच्या एका फाउंड्रीत ते एकतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. पोलादाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात बनवावी लागते. ती वाळूत दाबून तिचा ठसा घेतात आणि ठशात रस ओततात. निवृत्त होताना तिथून त्यांनी एकच गोष्ट आणली, ती ही दोन फुटी स्टीलची पट्टी.

पडवीत त्यांनी काठीला पट्टी लावली. बारा म्हणजे बारा, अठरा म्हणजे अठरा. त्यांनी मान वर केली. प्लासिडनी आपला टेप लावला, टोक बोटाने नीट दाबून. बारावर दोन सूत जास्त, अठरावर तीन. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फ्रेमच्या कामात तीन सूत म्हणजे काच रस्त्यावर. दोघांनी आपापलं माप पुन्हा घेतलं, दोघांचंही तेच आलं. तेव्हा प्लासिडची बायको इझाबेल शिवणाच्या मशीनवरचा टेप घेऊन आली आणि तिने तो काठीवर पसरला. तो प्लासिडच्या बाजूने होता.

"दोनास एक," इझाबेल म्हणाली. "झालं मतदान."

आत्मारामांनी पट्टी उलटी केली. मागच्या बाजूला, झिजून जेमतेम वाचता येईल असा, कारखान्याचा शिक्का होता. तो त्यांनी पाहिला, आणि पाहण्याची गरजही नव्हती.

ओतलेलं पोलाद निवताना आखडतं, फुटामागे दोन सूत. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तशी बनवलेली असते. तिच्यावरचा फूट फुटापेक्षा दोन सुतांनी मोठा असतो. कारखान्यात साधी पट्टीही होती, ती लोखंडासाठी. लाकूड म्हटलं की ही. एकतीस वर्षांत आत्मारामांनी लाकडाला दुसरी पट्टी लावली नव्हती. घरी आल्यावरही चार वर्षं ते याच पट्टीने मोजत होते आणि याच पट्टीने करत होते. मोजणारा आणि करणारा एकच असला की पट्टी कशीही असो, सगळं एकमेकांत बसतं. एकेचाळीस हत्यारांत ही चूक कुठेच दिसली नाही. बाहेरच्या माणसाचा आकडा त्या घरात आला तो या काठीच्या निमित्ताने, पहिल्यांदाच.

त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं. पडवीत जमलेल्या घरच्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे आम्हाला फ्रेमा टांगायच्या होत्या," प्लासिड म्हणाले, "आणि तुम्ही त्या ओतायला काढल्यात."

"निवल्या की आखडतील," इझाबेल म्हणाली. "थांबू या ना ईस्टरपर्यंत."

सगळे हसले. कोणीतरी त्यांच्या बोलीत आणखी काही म्हणालं, त्यावर जास्त हसले. आत्मारामांनी ते काय होतं ते विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले की माप जास्त झालंय, कमी नाही, म्हणजे कापता येईल, आणि ते काम मी करणार.

शुक्रवारला नऊ दिवस होते. त्यांतले सात दिवस आत्माराम पहिल्या बसने भुईगावला गेले. छप्पन्न पट्ट्यांचं एक-एक टोक पंचेचाळीस अंशांत पुन्हा कापायचं आणि रंध्याने तासून सरळ करायचं. चार फ्रेमा डिंक लावून चिकटवून झाल्या होत्या, त्यांचे सांधे गरम पाण्याच्या फडक्याने सोडवावे लागले. घरून त्यांनी कपाटातली सहा हत्यारं नेली होती. तिसऱ्या दिवशी प्लासिड न विचारता त्यांतलं हवं ते उचलू लागले. दुपारी इझाबेल भात आणि बोंबलाचं कालवण वाढायची, सातआठ माणसांच्या पंगतीत. आत्मारामांना भात जास्त लागतो हे तिने दुसऱ्याच दिवशी ओळखलं. मोजायचं काही निघालं की मात्र प्लासिड स्वतः टेप घेऊन येत. आत्माराम टेपचं दुसरं टोक धरत.

गुरुवारी चौदा चित्रं चर्चच्या भिंतींवर लागली. फादरांनी वर पाहून बरं झालं असं म्हटलं. आत्माराम दाराशी उभे होते. सांधे सोडवलेल्या चार फ्रेमा कोणत्या हे त्यांना तिथूनही ओळखू येत होतं, इतर कोणाला येणार नव्हतं.

परतताना प्लासिड बसस्टॉपपर्यंत आले. पिशवीत त्यांनी पाच हत्यारं आणि मापाची काठी नीट गुंडाळून दिली होती.

"रंधा ठेवलाय," ते म्हणाले. "पहिला तो आहेच, हा दुसरा. पण माप यापुढे माझ्याच टेपनं, पांचाळ. राग मानू नका."

आत्मारामांनी राग नाही म्हणून सांगितलं. मग विचारलं, "पंधरा दिवसांनी येऊ?"

"काम निघालं की फोन करतोच की," प्लासिड म्हणाले. बस आली होती.

दुसऱ्या दिवशी आत्मारामांनी स्टेशनरीच्या दुकानातून साधी पट्टी आणली. फाल्गुन सरला, ईस्टर झाला. कॅलेंडरवर टिंब द्यावं अशी तारीख नव्हती. आठव्या आठवड्यात त्यांनीच फोन केला. एवढंसं पातं दगडावर धरणं प्लासिडना जमत नसे, धार लावायचं काम आत्मारामांकडेच होतं. पाती बोथट झाली असतील, त्यांनी विचारलं, येऊन लावून देऊ का?

"छे हो. कागद कापतायत अजून," प्लासिड म्हणाले. "तुमच्या पात्याची धार लवकर जात नाही, हेच तर मी सगळ्यांना सांगतो." मागे बरीच माणसं बोलत होती. फोन ठेवता ठेवता त्यांना आठवलं. कोपऱ्यांसाठी आणखी एक रंधा हवा होता, करंगळीएवढा. घाई नाही, सवडीनं करा, कोणी येणारं-जाणारं असलं की घेऊन येईल.

आत्मारामांनी तो चार दिवसांत केला. शेवटी पात्याला पाणी द्यायचं राहिलं. तेलात बुडवून कडक केलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते घासून चकचकीत करायचं आणि मंद आचेवरच्या तव्यावर धरायचं. पोलादावर रंग चढत जातो. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळ्यावर उचलून पाण्यात टाकलं तर धार महिनोन्महिने टिकते. निळ्यापर्यंत जाऊ दिलं तर पातं मऊ पडतं. सागवानावर पंधरा दिवस चालेल, मग पुन्हा धार लावून घ्यावी लागेल. दोन्हींत फरक असतो तो अर्ध्या मिनिटाचा, आणि नंतर घासून साफ केल्यावर पात्याकडे पाहून कोणालाही काही सांगता येत नाही.

कुकरची शिट्टी झाली. आत्मारामांनी ती शेगडी बंद केली, दुसरी चालू ठेवली. चिमट्यातलं पातं तव्यावर होतं. धारेवर पिवळा आला. त्यांनी ते धरून ठेवलं. पिवळ्याच्या मागे तपकिरीची कड दिसू लागली तसा त्यांनी चिमटा उचलला आणि पातं पाण्यात टाकलं. बाहेर काढून खिडकीच्या उजेडात पाहिलं. धार पिवळी होती. प्लासिडना ती दिवाळीपर्यंत लावून घ्यावी लागणार नव्हती.