सॉफ्टवेअरचा भाव ग्रामसभेत

करिश्मा रामटेके माहेरची चिमूरची. बाबा माजरीच्या खाणीत काट्यावर होते. कोळशाचा ट्रक भरून निघाला की वजनाची चिठ्ठी फाडून द्यायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे असेल, पण लेकीला लहानपणापासून एक खोड लागली. वस्तू दिसली की तिचा भाव विचारायचा. स्वतःच्या लग्नात तिनं नवऱ्याच्या मावशीला अंगावरच्या साडीची किंमत विचारली होती, आणि मावशीनंही दुकानाच्या नावासकट सांगितली होती. "विचारलं तं बिघडते काय?" हे करिश्माचं पालुपद.

बी.कॉम. होऊन ती सासरी गडचिरोलीला आली आणि धानोऱ्याकडच्या गावांतल्या बायकांनी काढलेल्या वनोपज कंपनीत व्यवस्थापक म्हणून लागली. कंपनी म्हटलं की काचेची इमारत डोळ्यांपुढे येते, तसलं काही नाही. सहा गावांत सहा खरेदी केंद्रं, गडचिरोलीत एक गोदाम, आणि मोहफुलं, हिरडा, चारोळी, मध गोळा करणाऱ्या दीड हजार बाया सभासद. अध्यक्ष बुधरीबाई उसेंडी. बोलणं कमी, पण एकदा बोलल्या की त्यावर कोणी बोलत नसे.

या कंपनीची सगळी ऐट एकाच गोष्टीत होती. बाईनं आज मोह काट्यावर घातला की आठ दिवसांच्या आत पैसे तिच्या खात्यात. पूर्वी व्यापारी मीठ-तेल पुढे करून फुलं न्यायचा आणि हिशेब पार पोळ्यापर्यंत लांबवायचा. त्याचं दार सोडून बाया इकडे वळल्या त्या या आठ दिवसांपायी.

आता हे आठ दिवस साधायचे तर चार ठिकाणची माहिती एका जागी यायला हवी. केंद्रावरची मुलगी फोनमध्ये वजन भरते. गोदामात लटारूभाऊंकडे साठ्याचा वेगळा प्रोग्राम. पैसे जातात बँकेच्या पोर्टलवरून. आणि जमाखर्च चंद्रपूरच्या सीएकडे, त्याचं चौथंच काहीतरी. चौघं म्हणजे एका घरातल्या चार जावा, कोणी कोणाशी बोलत नाही. सुरुवातीला करिश्मा स्वतःच मधे बसून हिचं तिला, तिचं हिला सांगायची. सगळं हातानं उतरवताना इतवारी नावाच्या एका बाईचे पैसे दुसऱ्या इतवारीच्या खात्यात जायचे, मग ते परत मागताना दोन्ही इतवारींच्या शिव्या खायच्या. शेवटी कंपनीनं एक सॉफ्टवेअर लावलं. ते आपल्या कॉम्प्युटरवर नसतंच, इंटरनेटवर कुठंतरी दूर राहतं आणि चारही जावांचं बोलणं आपोआप जुळवून देतं. क्लाउड म्हणतात त्याला.

"ढगातलं हाय म्हणता, तं पावसाळ्यात स्वस्त भेटन," लटारूभाऊ म्हणाले होते.

स्वस्त राहिलं बाजूलाच. पहिले तीन महिने अकरा-अकरा हजारांचं बिल आलं. मग मोह पडू लागला आणि एप्रिलचं बिल आलं एक लाख सात हजार. करिश्माला वाटलं, एखादं शून्य चुकून जास्त पडलं असेल. तिनं सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑफिसात, पुण्याला फोन लावला. विक्री पाहणारा अश्विन नावाचा मुलगा गोड बोलायचा.

"मॅडम, बिल बरोबर आहे. आपला प्लॅन वापरावर आहे ना. जितक्या ओळी इकडून तिकडे जातील, तितके पैसे."

"ओळ म्हणजे?"

"एक नोंद म्हणजे एक ओळ. ती तीन ठिकाणी पोचवली की तीन."

दूधवाल्यानं लिटरचे पैसे घ्यावेत, हे कोणालाही पटेल. पण हा गडी त्या दुधाचा घरात किती वेळा चहा झाला, ते मोजत होता.

संचालक मंडळाच्या बैठकीत बायांनी आकडा ऐकला आणि एकीनं सगळ्यांच्या मनातलं सांगितलं. बंद करा ते. पहिल्यासारखं हातानं लिहू. हातानं म्हणजे आठाचे चाळीस दिवस, आणि दहाव्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो पुन्हा दारात. बुधरीबाईंनी निवाडा दिला. "वर्षाचा करार हाय, तो पाळू. पुढचा मोह पडाच्या आधी तू भाव खाली आण. नाई तं बंद."

एवढ्या ओळी येतात तरी कुठून, हे पाहायला करिश्मा केंद्रावर जाऊन बसली. काट्यावर रंजीता होती, बारावी झालेली, बोटं चपळ. एका म्हातारीनं टोपली ठेवली. रंजीतानं वजन भरलं. मग टोपलीतून ओंजळभर फुलं उचलून बाजूच्या सुपात टाकली आणि फोनमध्ये पुन्हा काहीतरी भरलं.

"हे दुसरं काय भरून राह्यली?"

"गावाची ओंजळ," रंजीता म्हणाली, जणू करिश्मानं सूर्य कुठून उगवतो ते विचारलं.

या गावांची रीतच तशी. प्रत्येक टोपलीतली एक ओंजळ गावाची. तिचे पैसे वेगळे राहतात, कोणाला ताप आला, कोणी बाळंतपणाला अडली, की गाडीभाडं त्यातून निघतं. सकाळी एक टोपली, दुपारी एक, आणि टोपलीत टोपली मिसळायची नाही. ज्या झाडाची त्या झाडाची. मुलींना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपल्या इमानानं प्रत्येक ओंजळीची स्वतंत्र नोंद ठेवली. पुण्याच्या हिशेबात मात्र राइस मिलचा आख्खा ट्रक ही एक ओळ, आणि म्हातारीची ओंजळ ही पण एक ओळ. भाव दोघींना सारखा.

करिश्मा हरखली. रोग सापडला म्हणजे औषध सापडलंच. ती थेट बुधरीबाईंच्या अंगणात गेली. "बाई, ओंजळी दिवसाच्या शेवटी एकत्र लिहू. अर्धं बिल तिथीच कमी होते."

बुधरीबाई हिरडा निवडत होत्या. हात थांबला नाही. "पयले एकत्रच होती. मंग कोणी मने पुजाऱ्यानं खाल्ली, कोणी मने रंजीताच्या मायनं खाल्ली. दोन वर्षं बाया एका पाण्यावर नाई गेल्या. आता जिची तिची लिहून राह्यते, कोणी भांडत नाई." मग त्यांनी वर पाहिलं. "तू भाव बदल, करिश्मा. ओंजळ नोको बदलू."

मग करिश्मानं तिची जुनी खोड कामाला लावली. दुसरे लोक या असल्या सॉफ्टवेअरला काय देतात, ते विचारत सुटली. मूलच्या एका राइस मिलवाल्या शेठजींनी फोनवर आवाज खाली आणला. "ते असं सांगता येत नाही, मॅडम." चंद्रपूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं फार आढेवेढे घेऊन सांगितलं, वर्षाला चार लाख. त्याच्याच ओळखीनं तिनं त्याच्या नागपूरच्या मेहुण्याला विचारलं. तेच सॉफ्टवेअर, तेवढंच काम, अडीच लाख. भाऊबीजेला एका ताटात जेवणारे दोघं, पण एकमेकांना भाव ठाऊक नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर पाहावं तर लहान गिऱ्हाइकासाठी दोन-तीन चौकटींत आकडे, आणि मोठ्यासाठी शेवटच्या चौकटीत नुसतं 'आमच्याशी बोला'. कोणी ओळीवर घेतो, कोणी जोडणीवर, म्हणजे घरात नळ किती त्यावर, मग पाणी कितीही भरा. कोणी वर्षाचं एकदम ठरवतो. भाव असा नव्हताच. ज्यानं जसं विचारलं तसा तो होता, आणि फसलेला माणूस लाजेनं गप्प बसत होता, म्हणून पुढचाही फसत होता. बायका साडीचा भाव एकमेकींना विचारतात म्हणून दुकानदार टरकून असतो. शेठ लोकांना तेवढी अक्कल नव्हती.

कळलं सगळं, पण करायचं काय, ते फेब्रुवारीत सुचलं.

तेंदूपत्त्याची बोली होती बुधरीबाईंच्या गावात. दरवर्षीची पद्धत अशी की ठेकेदारांना आधी जेवू घालायचं, मग सगळ्या ग्रामसभेसमोर चटईवर बसवायचं, आणि त्यांनी हंगामाचा भाव मोठ्यानं बोलायचा. एकदा बोलला की पुढे गारपीट होवो की पानं दुप्पट निघोत, भाव हलत नाही. ठेकेदाराला शेठला विचारायचं असलं की तो पाण्याच्या टाकीपाशी जातो, कारण गावात रेंज तेवढ्याच जागी. त्याच्या चालीवरून बाया ओळखतात, शेठ किती चढला ते. करिश्मा हे दरसाल पाहत आली होती. या साली भाताचा घास तोंडाशीच राहिला.

"बाई, आपण यायले पण इथीच बोलावू."

"कोणाले?"

"ढगवाल्यायले."

बुधरीबाई म्हणाल्या, "पत्त्याले जास्तीवाला, याले कमीवाला. एवढं तं येते आपल्याले."

तीन कंपन्यांना पत्रं गेली. अश्विनचा लगेच फोन आला. "मॅडम, किंमत अशी चारचौघांत सांगायची पद्धत नाही आमच्यात."

"आमच्यात हाय," करिश्मा म्हणाली.

एकानं उत्तरच दिलं नाही. नागपूरच्या कंपनीचे एक गृहस्थ आले, आणि पुण्याहून अश्विन, पांढरेशुभ्र बूट घालून. दोघांना भात, तुरीचं वरण आणि आंबाडीची भाजी वाढली. अश्विननं भाजी दोनदा मागितली तेव्हा बायांनी एकमेकींकडे पाहिलं. खाणारा माणूस वाईट नसतो.

करिश्मा उभी राहिली. आज जमलं नाही तर महिनाभरानं मोह पडणार होता आणि तेव्हा सॉफ्टवेअर नसणार होतं. पण आवाज काट्यावरच्या बाबांसारखा निघाला. "चार जोडण्या. भाव वर्षाचा, एकच. ओळी कितीही होवोत."

नागपूरकरांनी चार लाख वीस हजार सांगितले. अश्विननं तीन लाख साठ. "पण ओळींना मर्यादा राहील."

"मर्यादा म्हणजे?" मागून एक म्हातारी म्हणाली. "मोह पडून राह्यला, आन मी त्याले म्हणू, थांब गा बाप्पा, पुण्याचा माणूस नाई म्हणते?"

सभा हसली. अश्विनही हसला, पण हटला नाही. "मावशी, माहिती दर मिनिटाला हलवायला आमची मशीन सारखी चालू ठेवावी लागते. तिचा खर्च असतो."

करिश्मा याचीच वाट पाहत होती. "दर मिनिटाला मागितली कोणी? आमच्या मुलींचे फोन रेंजमध्येच येतात संध्याकाळी. पैसे आठ दिवसांत जायचे आहेत. दिवसातून एकदा न्या, पहाटे, तुमची मशीन रिकामी असते तेव्हा. आता सांगा, खर्च किती राहिला?"

अश्विननं खिशातून फोन काढला. मग उठून टाकीकडे निघाला. दीडदोनशे नजरा त्याच्या पाठीवर.

"साहेब आयकून राह्यला त्याचा."

"नाई, रागावून राह्यला. पाय ना, फोन दुसऱ्या कानाले लावला."

"बूट चिखलात गेला. आता उतरते भाव."

तो परतला तो हळूहळू, पण हात खिशात न घालता, म्हणजे लपवायला काही उरलं नव्हतं. बुधरीबाई पुटपुटल्या, "जमलं."

"दोन लाख चाळीस हजार," अश्विन म्हणाला. "ओळींना मर्यादा नाही. तीन वर्षं हाच भाव."

नागपूरकरांनी हसून हात जोडले. गेल्या वर्षी याच कामाला बायांच्या कंपनीचे साडेपाच लाख गेले होते.

"तीनदा बोल," बुधरीबाई म्हणाल्या. "आन जोरानं. मागं आयकू नाई येत."

अश्विननं तीनदा सांगितलं. पहिल्यांदा आवाज ऑफिसातला होता, तिसऱ्यांदा तो टाकीपर्यंत गेला. जाताना त्याच्या गाडीत कोणीतरी मधाची बाटली ठेवली, आणि करिश्मानं पाहिलं की त्यानं आधी बाटलीचा भाव विचारला.

मोह पडला. त्या वर्षी तो असा बरसला की मुलींना काट्यावरून मान वर करायला उसंत नव्हती. रंजीतानं एकही ओंजळ सोडली नाही. आणि सहाव्याच दिवशी पहिली टोपली घालणाऱ्या म्हातारीच्या नातवाच्या फोनवर बँकेचा मेसेज वाजला. मार्चचं बिल वीस हजार होतं. एप्रिलचंही वीस हजार. लटारूभाऊंनी ते दोनदा उलटून पाहिलं, मागच्या बाजूला काही लिहिलेलं आहे का म्हणून.

"एका बाईमागं किती पडते?" बुधरीबाईंनी विचारलं.

"वर्षाला एकशे साठ रुपये."

"मंग फलकावर लिही."

सहाही केंद्रांच्या भिंतीवर भावाचा फलक असतो. मोहफुलं इतके, हिरडा इतके, चारोळी इतकी. करिश्मानं स्वतः ब्रश घेऊन खाली एक ओळ रंगवली: माहिती जोडायचं सॉफ्टवेअर, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. मध आणि मेण यांच्या खाली.

मे महिन्यात मूलच्या शेठजींचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झालं, उन्हाची चौकशी झाली. मग आवाज खाली गेला. "मॅडम, ऐकलं की तुम्हाला फार कमीत पडलं म्हणे. आकडा सांगता का जरा? आपल्यातच राहील."

"आपल्यात कशाला राहावं, शेठजी?" करिश्मा म्हणाली. "भिंतीवर रंगवून आहे. या, जेवून जा, वाचून जा."