आश्रुबाच्या वाट्याची भाकरी

सरजाबाईला भाकरी थापायचा कंटाळा कधीच नव्हता. एकटीपुरती थापायची म्हटलं की मात्र जिवावर यायचं. नवरा कधीचाच गेला होता, आणि पोरगा पूर्णेला रेल्वेत लागला तो तिकडचाच झाला. बहात्तरच्या दुष्काळात विहारातल्या बायांनी घराघरातून मूठ मूठ जवारी गोळा करून उपाशी माणसांना जेवू घालायला सुरुवात केली, तेव्हा चुलीपुढं पहिली बसली ती सरजाबाई. दुष्काळ सरला, तरी तिनं काम सोडलं नाही.

राणीसावरगावाकडची लहानशी वाडी ती. दिवाळी झाली की धडधाकट माणसं ऊसतोडीला जायची, म्हातारी तेवढी मागं उरायची. एका साली गावातला आश्रुबा असाच एकटा राहिला. पोरं गेल्यावर पडला, पाय मोडला, चूल पेटवणं होईना. सरजाबाई विहारातली भाकरी घेऊन गेली, तर बौद्धवाड्यातली म्हटल्यावर म्हातारबुवा भिंतीकडं तोंड करून बसले. पोटाला हे किती दिवस परवडणार? शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ठिव तिथं अन् जा."

ती ठेवून जायची. पुढं पुढं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकायला लागली. म्हातारा जेवता जेवता बैलांच्या, मेलेल्या बायकोच्या गोष्टी सांगे. एकदा तिला उशीर झाला, तर म्हणाला, "लय येळ लावलास गं सरजे. कवाची वाट बघायलोय."

आपली कुणी वाट बघतं, या नुसत्या बोलण्यानं बाईचे डोळे भरून आले.

"पोरं आली की सांगतो त्यायला," म्हातारा म्हणे, "सरजेनं जगिवलं म्हणून." तिला दुसरं काही नको होतं. हे एक वाक्य चारचौघांत हवं होतं, आणि पोरं आल्यावरही त्या ओट्यावर टेकायला मिळायला हवं होतं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला पोरं परतली. सरजाबाई नेहमीसारखी फडक्यात भाकरी बांधून गेली. दारात थोरला सुग्रीव उभा होता.

"ही कशाला आलीय, बा?" त्यानं आत वळून विचारलं.

आश्रुबानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "मागायला आली असंल. घाल कायतरी."

सरजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. फडकं म्हाताऱ्यापुढं आपटावं, सगळ्या हिवाळ्याचं बोलून दाखवावं, असं अगदी ओठांवर आलं. पण तो चोरून पोराकडं बघत होता. आपल्या हातचं खाल्लं म्हणून पोरांनी तोडलं तर हा कुणाच्या तोंडाकडं बघणार? एकटं राहणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं भाकरी काखेत दडवली.

सुग्रीव सुपात जवारी घेऊन आला. शिवाशीव नको म्हणून त्यानं सूप उंच धरलं, आणि सरजाबाईनं निमूट पदर पसरला.