साडूंचा रंधा आणि डुलणारा पाट

आमच्या थोरल्या साडूंनी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीला जाईपर्यंत पृथ्वी फिरायची थांबली असती तरी त्यांच्या ते लक्षात आलं नसतं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. आयुष्यभर पोलादाशी व्यवहार. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी चूक झाली तरी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होणारा माणूस. घरी मात्र त्यांना वेड लाकडाचं, आणि तेही खुर्च्या-टेबलं करायचं नव्हे. लाकूड तासायचा रंधा स्वतःच्या हातानं लाकडातूनच घडवायचा, हे ते वेड. बाजारात रंधा मिळतो, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "अहो राव, बाजारात जेवण पण मिळतं. म्हणून तुम्ही घरी चूल विझवलीत का?"

या वेडाचं मूळ पिंपरीतल्या एका रद्दीच्या दुकानात होतं. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले जर्मन साहेब परत गेले की त्यांच्या बंगल्यातली रद्दी तिथे यायची. दुकानदार चाचा साडूंना ओळखून होते. त्यांची सायकल दिसली की ते आतूनच ओरडायचे, "आओ साहेब, तुमचं लाकूडवालं आलंय!" लाकूडवालं म्हणजे सुतारकामाची जर्मन मासिकं. साडूंना जर्मन भाषेचा एक शब्द येत नव्हता. पण चिंचवडच्या त्यांच्या दोन खोल्यांत ती मासिकं देवांच्या तसबिरींखालच्या फळीवर असायची, आणि हात धुतल्याशिवाय त्यांना कुणी शिवायचं नाही. "वाचता कसं तुम्ही?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "आकडे येतात की! मिलिमीटर सगळ्यांचा सारखाच." चित्रं आणि आकडे यांच्या जोरावर त्यांनी त्या भाषेतले लेखच्या लेख पचवले होते. अक्षरांचा मजकूर त्यांच्या मते उगीच जागा भरायला घातलेला असे.

रंध्यासाठी बाभळीचा ठोकळा त्यांनी कुरुळीच्या एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींकडून आणला. मी बरोबर होतो, म्हणजे मला नेलं होतं. ठोकळा सायकलच्या कॅरिअरवर बसला आणि आम्ही दोघे चिंचवडपर्यंत चालत आलो. वाटेत मी दोनदा बसलो, ठोकळा एकदाही खाली उतरला नाही. पुढे सहा महिने शिफ्ट संपली की गॅलरीत टकटक सुरू. रंध्याचा तळ सपाट झाला की नाही हे पाहायला त्यांनी मेहुणीची, म्हणजे आमच्या सौ.च्या थोरल्या बहिणीची, कपड्यांची नीळ तेलात कालवून गॅलरीतल्या फरशीला फासली आणि तिच्यावर तो घासला. जिथे निळं लागेल तिथे उंचवटा, ही कारखान्यातली पद्धत. तळ सपाट झाला. वाऱ्यानं दोरीवरून त्या फरशीवर पडून शेजारच्यांची चार धोतरं आणि एक नवी सतरंजी निळी झाली. मेहुणी आठ दिवस खाली मान घालून नळावर जात होती.

हे सगळं चाललं होतं ते सुमनसाठी. त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा साडूंनी जाहीर केलं की वधूवरांचे दोन्ही पाट मी करणार, आणि स्वतःच्या रंध्यानंच तासणार. "मुलगी बसेल तर माझ्या पाटावर. नाहीतर लग्न उभ्यानं लागेल!"

"लग्न उभ्यानंच लागतं," मेहुणी म्हणाली. "बसतात ते नंतर. आणि बाजारातून दोन पाट मी आणून ठेवणार आहे, आधीच सांगते."

वैशाखात रंधा तयार झाला. मी खूप रंधे पाहिलेले नाहीत, पण तसा देखणा पुन्हा पाहिला नाही. पातं खाचेत असं बसलं होतं की मधून केस जाऊ नये. ते जागेवर धरणारी लाकडी पाचरही तशीच. पहिला पाट दोन दिवसांत झाला. त्यावरून हात फिरवताना हात आपोआप सावकाश व्हायचा. मुहूर्त ज्येष्ठातला होता, आणि दुसऱ्या पाटाला हात घालणार तोच हवा दमट झाली. लाकूड फुगलं. पाचर हलेना, पातं निघेना. धार लावायची तर पातं बाहेर काढायला हवं. साडूंनी ठोकलं, ओढलं, रंध्याला उन्हात ठेवलं, पण ऊन होतंच कुठे! लग्नाला पाच दिवस उरले होते. मेहुणीनं बाजारातले पाट आणून भिंतीला टेकवले. ते पाहून साडू जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते मला घेऊन कुरुळीला गेले. मिस्त्रींनी रंधा हातात घेतला, चारी बाजूंनी पाहिला आणि हसले.

"लई बेस बनवलाय, साहेब. पर लोखंडावानी का बशिवलाय? पावसात आमच्या घराचं दार बी लागत न्हाई. लाकडाला वाईच सैल सोडावं लागतंय."

त्यांनी दोन हलके ठोके देऊन पाचर सोडवली. घरी येताच साडूंनी मासिक उघडलं. लेखाच्या कोपऱ्यात एक चौकट होती, तिच्यात ढग आणि पावसाचे थेंब. इतके दिवस ती छत्रीची जाहिरात आहे असं समजून ते पान उलटत होते. मिस्त्रींनी सांगितलं तेच तो ढग सांगत होता. मग कानस घेतली आणि जी खाच शंभराव्या भागापर्यंत जुळवली होती, ती दोन्ही बाजूंनी घासून मोकळी केली. "कारखान्यात असं केलं असतं तर मीच मला काढून टाकलं असतं," असं ते पुटपुटले. हळदीच्या दिवशी सकाळी दुसरा पाट झाला.

लग्नात साडूंनी मुलीकडे पाहिलंच नाही. ते पाटाकडे पाहत होते. मध्येच वाकून पाट डुलतो की काय हे तपासू लागले, तेव्हा भटजी म्हणाले, "यजमान, इकडे लक्ष द्या, कन्यादान तुम्ही करताय." सुमन निघाली, पाट रिकामे झाले, आणि मग मात्र त्यांना जे रडू आलं ते आवरता आवरेना. मलाही आवरलं नाही.

पाट सुमनबरोबर सोलापूरला गेले. साडूंच्या प्रत्येक पत्रात पहिली ओळ ठरलेली: पाट डुलत नाही ना? खुशाली विचारायची त्यांना दुसरी रीत येत नसे. पहिल्याच पावसाळ्यात तिचं उत्तर आलं, "बाबा, थोडा डुलतोय." साडूंनी रंधा पिशवीत घातला आणि त्याच दिवशी सोलापूर गाठलं. आठ दिवसांनी ते परत आल्यावर मी विचारलं, "बसवला का पाट?"

"पाट कसला डुलतोय! जागचा हलत नव्हता." पिशवी खुंटीला लावता लावता ते म्हणाले, "तिनं काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही. पण जाऊन आलो ते बरं झालं."

त्यानंतर दर पावसाळ्यात पाट डुलायचा आणि साडू जायचे. गेल्या थंडीत ते कायमचेच गेले. यंदा ज्येष्ठात आमच्या पत्त्यावर सुमनचं आंतर्देशीय पत्र आलं: "काका, पाट डुलतोय." मला रंधा कुठून धरायचा हेसुद्धा ठाऊक नाही. मी मेहुणीकडे जाऊन खुंटीवरची पिशवी उतरवली आणि सोलापूरचं तिकीट काढलं.