सर, सर्व्हर आणि प्रोलॉग

जुन्या कॉम्प्युटरला नवी भाषा शिकवता येत नाही, असं आमच्या विभागप्रमुखांसमोर म्हणणं म्हणजे पैलवानासमोर त्याच्या तालमीची टिंगल करणं. चिंचवडच्या आमच्या कॉलेजात मी शिकवायला लागले तेव्हापासून बघत आलेय, सरांना स्वतःच्या प्रकृतीपेक्षा लॅबमधल्या त्या एकुलत्या एक सर्व्हरची काळजी जास्त. मुलांचे सगळे कॉम्प्युटर त्याच्याच जिवावर चालायचे, आणि त्याच्यासाठी सर कुठून कुठून प्रोग्रॅमिंगच्या भाषा हुडकून आणायचे. भाषा बसवताना आम्ही ब्र काढायचा नाही. सर स्वतः मात्र तिच्याशी अखंड बोलणार. "या बाई, लाजू नका, घर आपलंच आहे!" हे ऐकून नवीन शिपाई एकदा पाहुण्यांसाठी पाणी घेऊन आला होता. भाषा बसली, की तिच्याकडून पहिलं वाक्य मराठीत लिहून घ्यायचं. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं उमटली तर निकाल ठरलेला, "हुशार आहे, पण वळण नाही."

गेल्या वर्षी अभ्यासक्रमात प्रोलॉग नावाची भाषा आली आणि काही केल्या त्या सर्व्हरवर बसेना. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली. निम्मी मुलं चाकणकडच्या कामगारांची, घरी लॅपटॉप नाही. सराव व्हायचा तो इथेच. वाकडला कंपनीत असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला सरांनी फोन लावला. "सर, राग मानू नका, पण ते मशिन आता भंगारात द्या," तो म्हणाला. सर दिवसभर धुमसत होते. "भंगारात द्या म्हणे! याच मशिनवर शिकून गेला गाढव."

मी भीतभीत सुचवलं, "सर, कागदावर लिहून घेऊया का परीक्षा?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच हजेरीपट उघडून बसले. मग त्यांनी प्रोलॉगच्या जुन्या आवृत्त्या धुंडाळायला घेतल्या. एक इंटरनेटवरून अर्धवटच उतरली. दुसरी बसली ती सर्व्हरच बंद पाडून बसली. अखेर एका जुनाट आवृत्तीचा मूळ कोड सापडला आणि एकेक चूक निस्तरत सरांनी तो आमच्याच सर्व्हरवर उभा केला. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी चाकणजवळच्या खेड्यातून येणाऱ्या एका मुलीला त्यांनी प्रोग्रॅम चालवायला बसवलं. तिनं बटण दाबलं.

"सर, चालतंय की! उत्तर बी बरोबर हाय!"

सरांनी सर्व्हरची पाठ थोपटली.

परीक्षा सुखरूप पार पडली. संध्याकाळी कॅन्टीनमध्ये निवांत बसलो असताना सर आपणहून म्हणाले, "कागदावर का नको होतं, सांगू? आमच्या वेळी कॉलेजात कॉम्प्युटर नव्हताच. आम्ही वहीत प्रोग्रॅम लिहायचो, मास्तर बरोबरची खूण करायचे. एकदाही एरर आली नाही हो आम्हाला."

मी हसले. सरही हसले, मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाले,

"त्यातला एखादा तरी प्रोग्रॅम खरंच चालला असता का, कोण जाणे."