तुळशीची करवली

पुदिना लावायला अक्कल लागत नाही. हे मी स्वतः सिद्ध केलेलं आहे.

गणपतीनंतर आई पुण्याला ताईकडे गेली. जाताना तिने एकच बजावलं, "तुळशीला रोज पाणी घाल. दुसरं काही करू नकोस." आमची तुळस साधीसुधी नव्हे. पणजोबा साताऱ्याहून काशीला आले ते तुळशीचं बी घेऊन, आणि ही त्याच वंशातली, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घराचं अंगण सगळं दगडी. माती काय ती वृंदावनातच. (इथेच माझी बुद्धी फिरली.) भाजीवाल्याच्या जुडीतल्या दोन काड्या मी तुळशीच्या कडेला खोचल्या. घरच्या पुदिन्याची चटणी खावी, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

या खेपेला पाणी मी न चुकता घातलं. (एरवीचं विचारू नका.) तीन आठवड्यांत चटणी झाली. दीड महिन्यात गल्लीभर पुदिना वाटून झाला आणि मला पाहताच शेजारी दार लावून घ्यायला लागले.

"अहो, तुळस कुठाय?" एका सकाळी बायकोने विचारलं.

मी पुदिना बाजूला सारला. आत एक वाळकी काडी उभी होती.

आई परवा येणार होती आणि त्यानंतर चारच दिवसांनी आमच्या अंगणात तुळशीचं लग्न. गल्लीतली सगळी मराठी घरं येणार. बाळकृष्ण तयार, मुहूर्त तयार आणि नवरी गायब! मी पुदिना उपटायला घेतला. इकडे मूळ ओढलं की तिकडची माती हलायची. शेवटच्या झटक्याबरोबर ती काडीही हातात आली.

"आईला सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी कशाला सांगू? त्यांना डोळे आहेत."

पिशवी घेऊन मी गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरलो. फुलवालीकडे तुळशीची रोपं होती.

"चाची, काली वाली दीजिए. थोड़ी बूढ़ी दिखे."

"बियाह करना है कि श्राद्ध?" तिने विचारलं.

आई आली. वृंदावनाला नमस्कार केला आणि लग्नाच्या तयारीला लागली. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. लग्नाच्या संध्याकाळी आई तुळशीला हळदकुंकू लावायला वाकली आणि तशीच थांबली. नवरीच्या पाठीमागे पुदिन्याचे दोन कोंब डोकं काढून उभे होते.

"करवली कुठून आणलीस रे?"

अंतरपाट हातात धरूनच मी सगळं कबूल केलं. साताऱ्याचा वंश माझ्या हातून बुडाला, या विचाराने मला खरंच रडू आलं.

"खालच्या फुलवालीकडूनच आणलीस ना?" आई हळूच म्हणाली. "मीही तिच्याकडूनच आणते. मी पुण्याहून येते तेव्हा दरवेळी तू तुळस वाळवून ठेवलेली असतेस." मग तिने त्या कोंबांनाही कुंकू लावलं. "या वेळी निदान काहीतरी जगवलंस."

हल्ली पुण्याला निघताना आई बजावते, "पुदिन्याला रोज पाणी घाल." तुळशीचं नाव काढत नाही. परतताना ती घाटावरून होऊनच घरी येते.